मजुरी कोणाच्या खिशात जाते?



कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर मराठी इतिहासाला अपरिचित नाही. तंजावरचे भोसले राजे शहाजी यांनी १६९३ साली हे गाव विद्वानांना दान दिले आणि त्याला शहाजीराजपुरम हे नाव मिळाले. दान घेणाऱ्या पंडितांची नावे ग्रंथांत राहिली. चिखलात भाताची रोपे लावणाऱ्यांची राहिली नाहीत. कावेरीच्या या मुलखात शेतमजुरांनी जमीनदारांचा चाबूक बंद पाडला तो लाल बावट्याखाली. मजुरीवाढीच्या लढ्याची किंमत १९६८ साली कीळवेणमणीत ४४ जणांनी प्राणांनी मोजली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती.

अशा रीतीने मिळवलेली मजुरी आज कोठे जाते? दारूच्या व्यसनाचा प्रश्न मुळात हाच आहे.

तामिळनाडूत किरकोळ दारूविक्रीची मक्तेदारी २००३ पासून सरकारी महामंडळाकडे आहे. २०२३-२४ साली या व्यापारातून तिजोरीत ४५ हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल जमा झाला. मादक पदार्थांना बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. अंदाजपत्रक मात्र त्याच पदार्थांवर उभे राहते.

शेतमजुराला बारमाही काम नसते. लावणी आणि कापणी यांच्यामधले रिकामे दिवस उसनवारीवर जातात. त्यात व्यसन जडले की हाती आलेली मजुरी आधी दुकानात जाते, उरलेली सावकाराच्या व्याजात, आणि चूल पेटते ती घरातील स्त्रीच्या कमाईवर. पुढे यकृत निकामी होते, क्षयाला वाट मिळते, तोंडाचा व घशाचा कर्करोग गाठतो. मग रोजगार बुडतो आणि औषधासाठी नवे कर्ज काढावे लागते.

ज्याला दुकानातील दारू परवडत नाही, त्याच्या हाती विषारी दारू येते. तिच्यातील मेथिल अल्कोहोलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते. दृष्टी जाते, प्राणही जातो. मुंबईच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे मेली. कळ्ळकुरिचीत जून २०२४ मध्ये साठावर. भाषा दोन होत्या, मरणारा वर्ग एकच होता.

व्यसन हा आजार आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात ५ कोटी ७० लाख लोकांना दारूच्या व्यसनाबाबत मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी उपचार मिळतात ते फक्त एकाला.

मार्ग कोणी दाखवला? १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील साक्षरता वर्गांत बसणाऱ्या स्त्रियांनी अरकाचे लिलाव रोखले. १९९३ साली आंध्र सरकारला अरक बंद करावा लागला. १९९५ ची संपूर्ण दारूबंदी मात्र १९९७ साली सैल झाली. रिकाम्या तिजोरीचे कारण पुढे आले. म्हणजेच केवळ बंदीचा हुकूम पुरत नाही. महसुलाचा भार गरिबाच्या ग्लासावरून श्रीमंतांच्या मालमत्तेवर नेल्याशिवाय तो टिकत नाही.

म्हणून शाखांनी तीन मागण्या एकत्र लढवल्या पाहिजेत: वर्षभर काम व वेळेवर पुरी मजुरी, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मोफत व्यसनमुक्ती उपचार, आणि दुकान बंद करण्याचा अधिकार गावातील स्त्रियांना. व्यसनी सोबत्याला संघटनेबाहेर काढणे सोपे आहे. त्याला बरे करून पुन्हा मोर्चात आणणे हे संघटनेचे काम आहे.