गाणाऱ्याचं नाव

तुमच्या गावात चावडीजवळ, चहाच्या हॉटेलात, नाहीतर घरातल्या कोनाड्यात रेडिओ लागतो. गाण्याच्या आधी निवेदक नावं सांगतो. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, गायलंय कुणी. आपण ती नावं ऐकतो आणि सोडून देतो. पण त्यांतलं गाणाऱ्याचं नाव आपोआप आलेलं नाही, बरं का! ते मागून घ्यावं लागलं. ज्यांनी ते मागितलं आणि त्यापायी वाईटपणाही घेतला, त्या लता मंगेशकर यांच्याविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

१९४९ साली ‘महल’ हा बोलपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यात मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते ते गाणं लांबून येतं आणि हळूहळू जवळ येत जातं. हे कसं साधलं असेल? खोलीच्या मधोमध मायक्रोफोन ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात एकेक पाऊल टाकीत त्याच्यापाशी आल्या. तेव्हा त्यांचं वय एकोणीस-वीस. तबकडी निघाली, घरोघरी वाजू लागली. पण तबकडीवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? ‘कामिनी’! म्हणजे बोलपटातल्या पात्राचं नाव. ही गाणारी कोण, असं विचारणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली. मग तबकडीच्या कंपनीकडे चौकशी झाली आणि खरं नाव लोकांना कळलं.

असं का व्हावं? सुरुवातीच्या बोलपटांत नटनट्या स्वतःच गात. १९३५ च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं गाणं आधी ध्वनिमुद्रित करून नंतर पडद्यावर नुसते ओठ हलवायची रीत सुरू केली. यालाच पार्श्वगायन म्हणतात. तोंड एकीचं, गळा दुसरीचा. पडद्यावरची नटीच गाते असा समज राहिला की झालं. गळा ज्याचा, तो मागंच राहायचा.

लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरचा. वडील मास्टर दीनानाथ हे मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, संगीत रंगभूमीवरचे नावाजलेले गायक-नट. २४ एप्रिल १९४२ रोजी ते पुण्यात वारले. पाच भावंडांत थोरली लता. तिला तेरावं वर्ष सरायचं होतं. आपल्याकडे कर्ता पुरुष गेला म्हणजे थोरल्या पोरावर काय येतं, ते तुम्हांला सांगायला नको. त्याच वर्षी मास्टर विनायकांच्या आधारानं ती ‘पहिली मंगळागौर’ या बोलपटात उभी राहिली. तोंडाला रंग लावायची आवड नव्हती. पण घर चालवायचं होतं.

पुढं मुंबई. १९४७ साली मास्टर विनायकही गेले. संगीतकार गुलाम हैदर तिला एका मोठ्या निर्मात्याकडे घेऊन गेले. आवाज फार बारीक आहे, असं म्हणून त्यांनी तो नाकारला. गुलाम हैदरांनी मात्र हट्टानं १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये तिला गायला लावलं.

इथं शिक्षक मंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दिलीपकुमार एकदा सहज बोलून गेले की, मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं. पण रुसून न बसता त्यांनी मौलवी गाठला आणि उर्दू शिकायला सुरुवात केली. गाणं मिळालं की ते स्वतःच्या हातानं देवनागरीत उतरवून घ्यायचं, ही सवय त्यांनी ठेवली. ज्या आवाजाला आपण दैवी देणगी म्हणतो, त्याच्यामागं अशी वही होती.

असा कष्टानं घडवलेला गळा, आणि त्याला मान किती? ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं, तेव्हा शंकर-जयकिशन यांतल्या जयकिशननी लताबाईंना समारंभात गायला बोलावलं. त्या म्हणाल्या, मी येणार नाही. बक्षीस संगीताला आहे, गाणाऱ्याला नाही. तर मग गाणाऱ्याशिवाय नुसती चाल वाजवा. मंडळी चिडली. पण १९५९ पासून पार्श्वगायनाचं बक्षीस सुरू झालं, आणि पहिलं ‘मधुमती’तल्या गाण्याबद्दल लताबाईंनाच मिळालं. पुढं १९७० साली त्यांनीच सांगितलं, आता माझा विचार करू नका, नव्यांना द्या.

दुसरं भांडण पैशाचं. शेतातल्या मजुराला मजुरी एकदाच मिळते. वाटेकऱ्याला मात्र दर सुगीला वाटा मिळतो. तबकडी वर्षानुवर्षं खपते, तर गाणाऱ्याला मजूर धरायचं की वाटेकरी? लताबाई म्हणत, वाटेकरी. महंमद रफी म्हणत, ठरलेला मोबदला घेतला की हिशेब मिटला. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. पण त्यावरून वाकडं आलं आणि साठीच्या दशकात काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. मग समेट झाला. गाणाऱ्याचा हा वाटा कायद्यात यायला मात्र २०१२ साल उजाडलं. त्या वर्षी कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तोवर रफीसाहेब जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.

आता गंमत पाहा. नावासाठी एवढं भांडलेल्या या बाईंनी भालजी पेंढारकरांच्या बोलपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावानं, स्वतःचं नाव झाकून! १९६५ च्या ‘साधी माणसं’मधलं लोहाराच्या ऐरणीपुढचं गाणं तुम्ही ऐकलंच असेल. त्या संगीताला राज्याचं बक्षीस मिळालं. आनंदघन यांनी पुढं यावं, असं पुकारलं, तर कुणी उठेना! शेवटी कुणीतरी सांगून टाकलं की, ते इथंच बसले आहेत. स्वतः होऊन नाव झाकणं वेगळं आणि दुसऱ्यानं ते पुसणं वेगळं, एवढाच यातला अर्थ.

२००१ साली लताबाईंना ‘भारतरत्न’ मिळालं. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या. आवाज तबकड्यांत राहिला, आणि आता त्याच्यापुढं नावही लागतं.

गुरुजी, बाई, एक विनंती. शाळेत मुलांकडून गाणं म्हणून घ्याल, तेव्हा ते लिहिलं कुणी, चाल कुणाची, पहिल्यांदा गायलं कुणी, हेही त्यांना सांगा. आणि गावातली एखादी आजी अजून जात्यावरच्या ओव्या सांगत असेल, तर त्या मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावा. वहीत ओवीच्या खाली त्या आजीचं नाव आठवणीनं लिहायला सांगा.