पिस्तूल अडते कुठे?



व्याख्यानमालेत पिस्तुलाचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु मळवलीला लोकल धरून देहूरोड-खडकीला कामावर जाणारी माणसे या मावळात आहेत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. तेव्हा काडतूस आपल्याला परके नाही. आमची शाळा चौथीत सुटली. यंत्रांचे थोडेबहुत ज्ञान झाले ते कामगारांच्या चौकशांचे कागद वाचता वाचता. आजचा विषय अशाच एका चौकशीचा.

आपल्या भागातला एक निवृत्त हवालदार एका कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला होता. जवळ परवान्याचे .३२ बोअरचे पिस्तूल. सरावात ते अडले; पुढल्या सरावात पुन्हा अडले. वरिष्ठांनी शेरा मारला, 'हात ढिला आहे', आणि पगार कापून वर चार्जशीट दिले.

आता, ढिल्या हाताने पिस्तूल अडते हे खरेच आहे. या पिस्तुलात एका बाराच्या जोरावर पुढली भरणी होते. बार उडाला की स्लाईड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या रेट्याने पुढे येताना मॅगझिनमधले वरचे काडतूस नळीत सारते. मनगट सैल असले तर सगळे पिस्तूलच मागे सरते आणि स्लाईडची धाव अपुरी पडते. काडतुसात जोर कमी असला तरी तेच. मॅगझिनची स्प्रिंग थकली किंवा त्याचे ओठ वाकले, तर काडतूस वेळेवर वर येत नाही, नाही तर तिरपे येऊन नळीच्या तोंडाशी नाक खुपसून बसते. इतक्या कारणांतून वरिष्ठांनी नेमके बिनखर्चाचे तेवढे उचलले!

व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकेची नवी एम-१६ रायफल अशीच अडू लागली. सैनिक साफसफाई करीत नाहीत, असे सांगण्यात आले. १९६७ साली तिथल्या लोकप्रतिनिधींच्या समितीने तपास केला, तेव्हा निघाले की काडतुसातली दारूच बदललेली होती. सफाईचे सामानही पुरेसे दिलेले नव्हते. तोवर पोरे मेली ती मेलीच.

आम्ही हवालदाराला विचारले, अडल्यावर नेमके दिसते काय?

"पुंगळी नीट पडतीय, अण्णा. नवं काडतूसच तिरपं हून बसतंय."

हे त्याला तोवर कोणी विचारलेच नव्हते! मॅगझिने दोन होती. एकाला लाल ठिपका लावला, एकाला पांढरा. माणूस तोच, काडतुसे त्याच पेटीतली, गोळीबाराचे मैदान तेच. बदलायचे फक्त मॅगझिन. अडले की वहीत नोंद. अडलेले सोडवताना नळी निशाणाकडेच, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाईड ओढून नळी रिकामी झाल्याचे डोळ्यांनी पाहायचे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे, असे समजणारे शहाणे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पांढरे एकदाही अडले नाही. लाल अडले. मग शेरा मारणाऱ्या साहेबांनाच विनंती केली, आपण झाडून पाहा. त्यांच्या घट्ट हातातही लाल अडले. उघडले तेव्हा आतली स्प्रिंग बसलेली निघाली.

नवे मॅगझिन आले, चार्जशीट मागे घेतले गेले. कापलेल्या पगाराचा अर्ज मात्र अजून साहेबांच्या टेबलावरच आहे.