रोलचा कॅमेरा अजून का?

समारंभात मी अजून रोलचा कॅमेरा घेऊन का फिरतो, असं सोसायटीतली मुलं विचारतात. त्याला कारण कापड्यातलं पुतणीचं लग्न.

हौसेनं नवा ऑटोफोकस कॅमेरा नेला होता. नवरदेवामागं उभा राहिलो. मंडपात उजेड बेताचा, समोर पांढरा अंतरपाट. कोऱ्या कापडावर फोकसला धरायला काही नसतं. शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट निघाला, लेन्स आपली पुढं-मागं घरघरतेय! अखेर बटण दाबलं गेलं ते उडत्या अक्षतांवर. नवरी धूसर, आणि तिच्यामागं उभी आमची आईही धूसर. तिचा तो शेवटचा फोटो.

घरी आल्यावर जुना पेंटॅक्स के-१००० काढला. १९७६ चं मॉडेल, बॅटरी फक्त उजेड मोजायला. ती संपली तरी शटर चालतं. आता अंतरपाट धरण्याआधीच नवरीच्या पाटावर हातानं फोकस लावून ठेवतो. चूक झालीच तर ती माझी.

रोलमध्ये ३६ फोटो. धुवायला मुंबईला पाठवावा लागतो, हा त्रास आहेच. आज ४ शिल्लक आहेत. ग्रुप फोटोला मागच्यांनी जरा पुढं या.