शस्त्र दारात, जबाबदारी कोणाची?

धुळे-जळगावच्या कोर्टांत वकिली करताना पक्षकार मला हळूच विचारतात, "वकीलसाहेब, परवान्याचं पिस्तूल आहे. तारखेला येताना कमरेला ठेवू का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे वैर बहुधा बांधाचे नाहीतर भाऊबंदकीचे. एरवी दोन्ही बाजू एकमेकांना टाळतात, पण तारखेला मात्र कोर्टाच्या आवारात समोरासमोर येतात. शिवाय आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे शस्त्रपरवाना देतात ते जिल्हाधिकारी. म्हणजे धोका सरकारनेच मान्य केलेला असतो.

तरीही माझे उत्तर 'नाही' असेच असते. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण पोलिसांकडे धाव घेण्याइतका वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. हा नियम जुन्या दंडसंहितेच्या ९९ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३७ व्या कलमातही तो आहे. कोर्टात तर पोलीस हाकेच्या अंतरावर असतात.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात काय घडले ते आठवा. जमिनीच्या वादातून, चक्क वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. आपण हे स्वसंरक्षणासाठी केले, असे त्यांनी वृत्तवाहिनीला सांगितले. न्यायनिवाडा कोर्टाचा. पण भांडणाऱ्यांच्या कमरेला शस्त्र असेल तर ठाण्याची खोलीसुद्धा सुरक्षित राहत नाही, एवढे त्या दिवशी सर्वांना दिसले.

आता दुसरी बाजू. परवानेवाला अटी पाळून शस्त्र घरी ठेवतो. सातपुड्यातल्या उमर्टीकडून चोरवाटेने येणारा गावठी कट्टा मात्र कुठलीच अट वाचत नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी कोर्टात मारेकरी वकिलांच्या वेषात शिरले आणि भर कोर्टात त्यांनी एका कुख्यात गुंडाला ठार केले. काळा कोट पाहून झडती टाळली, तर असे होऊ शकते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. सरकारने माझे शस्त्र दाराबाहेर ठेवायला लावले, की आत माझ्या जिवाची जबाबदारी सरकारची. झडती सर्वांची व्हावी. वकिलांची, पुढाऱ्यांची, माझीही. मेटल डिटेक्टर चालू असावा आणि त्याच्याजवळ माणूस उभा असावा. परवान्याचे शस्त्र जमा करून पावती मिळण्याची सोय दारातच असावी. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्रे जमा होतात, पावतीही मिळते. ही पद्धत आपल्याला नवी नाही.

पक्षकाराला मी सांगतो, "पिस्तूल घरी ठेवा आणि धमकी आली असेल तर आजच लेखी अर्ज द्या." तो अर्ज वाचून तारखेला दारात शिपाई उभा राहिला, तर पुढच्या खेपेला हा प्रश्न त्याला पडणार नाही.