कोरडं खत, पातळ खत आणि माझे टोमॅटो

भिलाईच्या हुडकोतून बोलतोय. गच्चीवरच्या टोमॅटोच्या बारा झाडांपैकी नऊ मी स्वतः मारली. उपाशी ठेवून नाही, खाऊ घालून!

झालं असं. कुंड्या भरताना शेणखत, निंबोळी पेंड आणि वर मूठभर डीएपी घातलं. आठवड्याने १९:१९:१९ हे विद्राव्य खत पाण्यातून, तेही पूर्ण मात्रेत. पानांच्या कडा करपल्या, झाडं माना टाकू लागली. मातीत क्षार वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. मला वाटलं झाड भुकेलंय, म्हणून आणखी दिलं.

फौजेत रसद दोन वाटांनी आली तरी हिशेब एकच असतो. इथे मीच विसरलो. डीएपीत १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद. ते कुंडीत असताना पातळ खताचा हात आखडताच हवा. आता डीएपी चिमूटभर. १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, पंधरवड्याने, माती ओली असतानाच.

आणखी एक. फळाचं बूड काळं पडतं म्हणून कॅल्शियम नायट्रेट देणार असाल, तर ते स्फुरदाच्या खताबरोबर एका बादलीत कालवू नका. पांढरा साका बसतो, दोन्ही वाया. वेगळ्या दिवशी द्या.

आणि झाड करपलंच तर? कुंडीच्या भोकातून वाहीपर्यंत साधं पाणी, दोन-तीनदा. माझी तीन तशीच वाचली. उरलेल्या नऊ कुंड्यांत आमच्या सौभाग्यवतींनी मेथी पेरलीय. तिथे मला खत घालायला बंदी आहे.