तबकडीवरचे नाव

(विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गाण्यातला जाणकार नाही, बँकेत कारकुनी करतो. आमच्याकडे सहीवाचून चेक वटत नाही. म्हणूनच लता मंगेशकरांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांविषयी वाचताना एका गोष्टीपाशी अडलो. ज्या गाण्याने त्यांचा आवाज देशभर गेला, त्या तबकडीवर त्यांचे नावच नव्हते.

एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ वारले. लताबाई तेव्हा बारा वर्षांच्या, पाच भावंडांत थोरल्या. त्याच वर्षी ‘किती हसाल’साठी गायलेले त्यांचे पहिले गाणे चित्रपटातून वगळले गेले. मास्टर विनायकांनी आधार दिला, छोट्या भूमिका दिल्या. अभिनयात मन रमेना, पण घर चालवायचे होते. १९४७ मध्ये विनायकही गेले. संगीतकार गुलाम हैदर त्यांना निर्माते शशधर मुखर्जींकडे घेऊन गेले, तर आवाज फार बारीक म्हणून नकार! हैदरसाहेबांनी मग हट्टाने १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये त्यांच्याकडून गाऊन घेतले.

पुढच्याच वर्षी आला ‘महल’. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. सूर लांबून जवळ येतो आहे असा भास हवा होता आणि आजच्यासारखी यंत्रे नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला. लताबाई दूरच्या कोपऱ्यातून गात गात, एकेक पाऊल टाकीत त्याच्याजवळ आल्या. विद्यार्थी मित्रांनो, हे ध्यानात ठेवून ते गाणे पुन्हा ऐका.

गाणे गाजले. तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते कामिनी, म्हणजे मधुबालाने केलेल्या भूमिकेचे! तेव्हाची ती रीतच होती. गाणारी कोण, अशी श्रोत्यांची पत्रे आकाशवाणीकडे येऊ लागली. अखेर ध्वनिमुद्रिका कंपनीकडून नाव मागवून ते रेडिओवर सांगावे लागले. खेमचंद प्रकाश मात्र १९५० मध्येच वारले.

लताबाई हे विसरल्या नाहीत. ‘फिल्मफेअर’ पुरस्कारांत पार्श्वगायनाला जागा नव्हती, तेव्हा त्यांनी समारंभात गायला नकार दिला. १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, ‘मधुमती’साठी. पुढे गायकांच्या रॉयल्टीसाठी त्या अडून बसल्या. मानधन घेतले की गायकाचा हक्क संपला, असे मोहम्मद रफींचे मत. त्यापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गायले नाही. रफीसाहेब मला फार प्रिय, पण या बाबतीत मी लताबाईंच्या बाजूचा आहे.