१६ एक्स म्हणजे नेमकं किती? डिस्कवरचे सिनेमे संगणकावर घेताना

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: "ड्राइव्हवर १६ एक्स लिहिलंय, मग एक सिनेमा कॉपी व्हायला पाऊण तास का लागतो?" आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलू. कपाटात दोन-तीनशे डिस्क असतील, तर पाच मिनिटं आणि पाऊण तास यातला फरक म्हणजे एक सुट्टी आणि अख्खा पावसाळा यातला फरक.

आधी हा 'एक्स'. तो प्रत्येक प्रकारात वेगळा आहे. सीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. डीव्हीडीचा १.३८५ मेगाबाइट, म्हणजे सीडीच्या साधारण नऊपट. ब्लू-रेचा ४.५ मेगाबाइट. म्हणून खोक्यावर सीडीपुढे ४८ आणि डीव्हीडीपुढे १६ दिसलं तरी दोघांत वेगवान डीव्हीडीच. १६ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट. ४.७ जीबीची डिस्क या हिशेबानं साडेतीन मिनिटांत संपायला हवी. संपत नाही. का?

कारण तो आकडा फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेचा आहे. जुन्या पद्धतीत डोकं आत असताना डिस्क जोरात आणि बाहेर गेल्यावर हळू फिरायची, म्हणजे डेटा कायम एकाच गतीनं यायचा. पण मोटरला सारखं वेग बदलायला लावणं जास्त वेगात परवडत नाही. म्हणून आजचे ड्राइव्ह डिस्क एकाच वेगानं फिरवतात. रहाटपाळण्यात मधल्या दांड्याजवळची वस्तू आणि टोकाचा पाळणा एकाच वेळात फेरी पुरी करतात, पण पाळणा कितीतरी जास्त अंतर कापतो. तसंच इथे. डीव्हीडीवर डेटा केंद्रापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर संपतो. गुणोत्तर साधारण २.४. म्हणून १६ एक्सचा ड्राइव्ह सुरुवातीला साडेसहा-सात एक्सनंच वाचतो. ड्राइव्ह बिघडलेला नाही, डिस्क आतून बाहेर वाचली जाते एवढंच.

आता सिनेमाची डीव्हीडी बहुतेकदा दोन थरांची, ८.५ जीबीची असते. पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत. त्यामुळे गतीचा आलेख डोंगरासारखा दिसतो: चढ, माथा, उतार. शेवटच्या दहा मिनिटांत वेग घसरला की लोक घाबरून थांबवतात. थांबवू नका, तो दुसऱ्या थराचा उतार आहे. शिवाय दोन थरांच्या डिस्कसाठी ड्राइव्ह स्वतःच कमाल वेग कमी ठेवतात, बहुधा ८ किंवा १२ एक्स. ८ एक्सवर अशी डिस्क वीस मिनिटांच्या आत व्हायला हवी.

आणि तरीही पाऊण तास लागत असेल, तर 'रिपलॉक'चा संशय घ्या. काही ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्येच असं लिहिलेलं असतं की सिनेमाची डिस्क ओळखली की वेग दोन-चार एक्सवर आणायचा. कारण ऐकायला बरं आहे: सिनेमा बघताना ड्राइव्हची घरघर ऐकू येऊ नये. २ एक्सवर ८.५ जीबीला ५१ मिनिटं लागतात. तुमचा पाऊण तास इथून येतो. ओळखायची सोपी युक्ती: डेटाची डिस्क झपाट्यानं वाचली जाते आणि तेवढीच स्वच्छ सिनेमाची डिस्क रेंगाळते.

घरघरीवरून आठवलं. माझे मामा विचारतात, ५२ एक्सच्या पुढे सीडी ड्राइव्ह सहसा का गेले नाहीत. डिस्क तेव्हा मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेऱ्या घेत असते. कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर. त्यात एखाद्या डिस्कला बारीक तडा असेल, तर ती आतल्या आत फुटू शकते. तडा दिसला तर ती डिस्क जोरात फिरवू नका.

आता महत्त्वाचं, ओरखडे. डीव्हीडीवरचा डेटा ३२ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत असतो आणि प्रत्येक गठ्ठ्याला आडवी-उभी दोन्हीकडून चूकदुरुस्तीची माहिती जोडलेली असते. म्हणून बऱ्याच जखमा कळतही नाहीत. दुरुस्ती जमली नाही की ड्राइव्ह मागे येतो, वेग कमी करतो, पुन्हा वाचतो. काही ड्राइव्ह मग पुढचा चांगला भागही हळूच वाचत बसतात. डिस्क काढून परत घातली की सुधारतात. आणि पुसताना गोल फिरवत पुसू नका, मधून कडेकडे सरळ पुसा. गोल ओरखडा डेटाच्या रेषेवरून लांबवर जातो आणि सलग गठ्ठे खातो, सरळ ओरखडा तीच रेषा फक्त ओलांडतो.

व्हीसीडीची गोष्ट निराळी. आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर वाढले, त्यांच्या घरी मराठी नाटकं याच रूपात आली. सुट्टीत पुण्याला गेलं की पिशवीभर यायची. व्हीसीडीत जास्त चित्र मावावं म्हणून चूकदुरुस्तीचा एक थर काढून टाकलेला आहे. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट कामाचे, इथे २३२४. त्यामुळे चूक कधी गुपचूप पुढे सरकते आणि पडद्यावर चौकोन उमटतात. 'डॅट' फायली नुसत्या ओढून घेण्यापेक्षा व्हीसीडीइमेजरचं व्हीसीडीएक्सरिप वापरा आणि वेग आठ एक्सच्या वर नेऊ नका. यातली कित्येक नाटकं आज कुठल्याच स्ट्रीमिंगवर नाहीत. माझ्या मते संग्रह घ्यायला लागलात की पहिला हात व्हीसीडीवर ठेवा, सिनेमे थांबू शकतात.

त्याच्याही आधी घरी लिहिलेल्या डीव्हीडी-आर. छापील डिस्कमध्ये खड्डे दाबलेले असतात, लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्य असतं आणि ते उन्हानं, उष्णतेनं उतरतं. माझे सासरे इंदूरचे. त्यांच्याकडे २००६च्या गणेशोत्सवातल्या नाटकाची एकच डिस्क होती. त्यात सासूबाईंची भूमिका आहे. त्या आता नाहीत, आणि चालता-बोलता त्यांचा दुसरा व्हिडिओ नाही. डिस्क शिगोशीग भरलेली, म्हणजे तिसरा अंक थेट कडेवर. बोटांचे ठसे तिथेच, रंग उतरलेला तिथेच, आणि डेटाही तिथेच सगळ्यात जोरात धावतो. मी जीएनयू डीडीरेस्क्यू लावलं. हे साधन आधी चांगला भाग उचलतं, वाईट जागांची नोंद ठेवतं आणि मग त्यांच्याकडे परत येतं. वेग चार एक्सवर बांधला. पहिल्या ड्राइव्हनं कडेचा बराच भाग सोडला. तीच नोंद घेऊन डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घातली. प्रत्येक ड्राइव्हची भिंगं आणि फर्मवेअर वेगळी, त्यामुळे एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. तीन रात्री चालवलं. शेवटी तीन गठ्ठे राहिले, ९६ किलोबाइट. चित्र पाव सेकंदाहूनही कमी अडखळतं. सासऱ्यांना ती जागा मी दाखवली नाही, त्यांनीही विचारलं नाही.

कायद्याबद्दल दोन वाक्यं. २०१२च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ६५ए हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूनं डिस्कचं संरक्षण तोडणं हा गुन्हा आहे. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची प्रत घरात राहू द्या, वाटत फिरू नका.

शेवटचा प्रश्न, ड्राइव्ह कोणता घ्यावा. डीव्हीडीसाठी यूएसबी २.० पुरे, २२ मेगाबाइट त्यातून आरामात जातात. ब्लू-रे १२ एक्सला सेकंदाला ५४ लागतात, तिथे ३.० हवं. बारीक लॅपटॉप ड्राइव्ह डीव्हीडीला ८ एक्सपर्यंतच जातात आणि कित्येकांना एका पोर्टची वीज पुरत नाही. डिस्क मध्येच थांबते, आणि आपण डिस्कला नावं ठेवतो. दोन टोकांची केबल आली असेल तर दोन्ही टोकं लावा. मोठा संग्रह असेल तर जुन्या डेस्कटॉपचा पूर्ण आकाराचा ड्राइव्ह शोधा, आणि जमल्यास वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन.